डावीकडची पानं

डब्लिन, १२ मार्च १७५४

फेलिम,

पत्र कुणाचं हे अक्षरावरून ओळखलं असशीलच, आणि फाडायला हातही उचलला असशील. थांब. आधी वाच, मग फाड. कागद चांगला जाड आहे, फाडायलाही मजा येईल.

मी मजेत आहे. दुकान मजेत आहे. लिहायचं कारण एवढंच की लेडी कारिगमोरच्या नव्या घरचं काम मला मिळालं. दिवाणखान्यात दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर उभा आरसा लागायचाय, माणसाहून उंच, आणि त्याची सगळी चौकट कोरायची. खाली खडक, खडकावरून ओघळणारं पाणी, दोन्ही अंगांनी वर चढत गेलेली पानं, आणि माथ्यावर लांब चोचीचे दोन पक्षी एकमेकांकडे बघत बसलेले. सगळ्याला सोन्याचा वर्ख. शहरातले झाडून सगळे नक्षीवाले बाईसाहेबांच्या दारात उभे होते. बाईंनी मी कोरलेली वेलाची एक पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि बाकीच्यांना घरी पाठवलं. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. छे, फुशारकी म्हणूनच सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगू? जूडीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. आता ते ताक संपव, आंबतंय."

लिहायलाही तिनंच बसवलं. म्हणाली, "तीन वर्षं झाली, गॅरेट. तू थोरला आहेस. थोरल्यानं आधी वाकायचं."

मी म्हटलं, "मी वाकलो की तो पाठीवर बसेल."

"बसला तर बसला. निदान घरात तरी असेल," म्हणाली. बायको आहे माझी, पण बाजू कायम तुझी घेते.

तर वाकत नाहीये मी. कळवतोय. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, 'गॅरेट टॅलन, लाकडावरची नक्षी', निळ्यावर पिवळी अक्षरं. तुला ती बघवली नाही म्हणून तू लंडन गाठलंस. हो, गेलो मी सरकारी चर्चमध्ये. त्यांची शपथ घेतली, त्यांची भाकर त्यांच्या पद्धतीनं खाल्ली, कागदावर सही केली आणि संघाचा पुरा सभासद झालो. आपल्या बापाला कारागीर-संघानं मरेपर्यंत 'पाव-भाऊ' म्हटलं. आपल्या कॅथलिक धर्माच्या माणसाला तेवढाच मान. वर्गणी वेळेवर भरायची, आणि मोठं काम आलं की कुणातरी पुऱ्या सभासदाच्या मागल्या दारानं आत जायचं. मी पुढलं दार उघडून घेतलं. त्यावर तू म्हणालास, "आता संघाचा पुरा भाऊ झालास, माझा पाव-भाऊसुद्धा राहू नकोस." वाक्य चांगलं होतं, मान्य. कुऱ्हाडीचा दांडा म्हणालास, तेही ऐकून घेतलं. पण मला पश्चात्ताप बिश्चात्ताप काही नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. फक्त त्या दिवशी पोटभर खाऊन जाईन, त्यांचा उपदेश फार लांबतो.

असो. आरसा मी एकटा करणार आहे, दोन्ही बाजू. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुझ्या मनात पहिला प्रश्न तोच आला असेल. मी उजवा, तू डावरा. बाकीचे बाप पोरांना मारून मारून दोन्ही हातांनी हत्यार चालवायला शिकवतात, कारण पानाचा बाक चौकटीच्या एका अंगाला इकडे वळतो आणि दुसऱ्या अंगाला तिकडे. आपला बाप म्हणाला, "देवानं दोन हात दोन पोरांत वाटून दिलेत, मी कशाला छडी झिजवू?" उजवीकडची पानं मी कोरायची, डावीकडची तू. जुळवून ठेवली की एकाच झाडाची वाटायची. त्यात आपण दोघंही अर्धे कारागीर राहिलो हे बापाच्या लक्षात आलं नाही, आणि आपल्याही नाही.

पण या तीन वर्षांत मी खुर्च्यांचे पाय केले, टेबलाखालचे सिंहांचे पंजे केले, डावी बाजूही रेटली. कुणाला कळलं नाही. ही चौकटही होईल. हातचा मळ आहे.

उत्तराची अपेक्षा नाही.

गॅरेट

ता. क. जूडी विचारते, नीट जेवतोस का?

डब्लिन, ३ मे १७५४

फेलिम,

उत्तराची अपेक्षा नाही असं मी लिहिलं आणि तू ते खरं धरलंस. एरवी माझा एक शब्द खरा धरत नाहीस.

उजवी बाजू झाली. काय झालीय म्हणून सांगू! पानं अशी वळलीत की वाटतं आत्ता कुणी दार उघडलं आणि वारा आला. पक्षी मान वेळावून समोर बघतोय. समोर अजून कुणी नाही, म्हणून तो भिंतीकडे बघतोय.

डावी बाजू मी सुरू केली. नक्षीचा कागद उलटा करून टोचला, रेघा बरोबर उतरल्या. हत्यारं धारदार होती, लाकूड गुणाचं होतं. तेवढ्यात कोलबाई आल्या. वर्खाचं काम अजून त्यांच्याकडेच असतं. नवरा गेल्यापासून धंदा आणि जीभ दोन्ही त्याच चालवतात. कामाच्या ओट्याशी उभ्या राहिल्या, चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाल्या, "टॅलन, हा कोबी कुणी मागवलाय?"

"पान आहे ते."

"असं? मग आजारी आहे का?"

"बाई, तुमचा खडू-सरसाचा लेप चढला आणि वर वर्ख बसला की काय दिसणार आहे त्यातलं?"

"लेप अंगाबरोबर बसतो, टॅलन. कुबड झाकायला तो काही झगा नाही. धाकट्याला बोलवा."

"धाकटा लंडनला आहे."

"मग लंडन काय चंद्रावर आहे?" असं म्हणून त्या गेल्या. कोबी मी शेगडीत घातला. जळला मात्र छान.

तुला खरं सांगायला मला लाज कसली? नाही जमत. उजव्या हातानं डावीकडचं पान कोरायला गेलो की मनगट ऐनवेळी अडतं आणि वळण मोडतं. लहान कामात खपलं, माणसाहून उंच चौकटीत खपणार नाही. रोज थोडा वेळ डाव्या हातात पटाशी धरून बघतो, पण तो हात इतकी वर्षं नुसता सोबतीला होता, त्याला एकदम मालक व्हायला सांगितलं की घाबरतो.

म्हणून पेंडर कप्तानाच्या गलबतावर एक पेटी चढवलीय. त्यात डावीकडची सगळी लाकडं आहेत, करवतीनं बाहेरचा आकार कापून, वर नक्षी टोचून. डावा पक्षीही आहे. तुझी गरज आहे म्हणून पाठवतोय असं समजू नकोस. नुसती लाकडं पाठवतोय. कोरलीस तर कोरलीस. पत्र नको, माफी नको, धर्मावर वाद नको. सप्टेंबरअखेर आरसा भिंतीवर लागला नाही तर बाईसाहेब चौकट लंडनहून मागवणार आहेत. मग ते काम तुझाच मालक घेईल, आणि डावीकडची पानं शेवटी तुझ्याच गळ्यात पडतील. म्हणजे काही झालं तरी कोरायची तुलाच आहेत. मग परक्यासाठी कोरण्यापेक्षा भावासाठी कोर.

तुझी हत्यारं ओट्यावर होती तिथेच आहेत. जूडी तेल लावते त्यांना. मी हात लावत नाही. कधीकधी लावतो.

गॅरेट

डब्लिन, १९ जुलै १७५४

फेलिम टॅलन,

पेटी पोहोचली. ती उघडताना माझी काय अवस्था होती हे तुला कळावं म्हणून सांगतो. झाकणाचे खिळे काढायलासुद्धा मला धीर नव्हता. जूडीला हाक मारली, ती हात पिठाचे तसेच घेऊन धावत आली. पेंढा बाजूला केला. वर पक्षी होता. जूडी म्हणाली, "आला गं बाई!" आणि त्या लाकडाच्या पक्ष्याचा मुका घेतला. त्याच्या चोचीला पीठ लागलं.

सगळी पानं काढून मी माझ्या पानांसमोर मांडली. चार पावलं मागे जाऊन पाहिलं. जुळत होती. मी जूडीला म्हटलं, "बघ, आमचा पोरगा! एक शब्द लिहिला नाही, पण काम केलं." दुकानात मी नाचलो, लाज वाटत नाही सांगायला.

मग जवळ गेलो आणि एका शिरेवरून बोट फिरवलं.

फेलिम, मी तुझ्या शेजारी उभा राहून वाढलोय. शिरेच्या तळाशी तुझं हत्यार कुठून शिरतं, कुठे वळतं आणि उचलताना कुठे जरा रेंगाळतं हे मला आंधळा झालो तरी कळेल. तुझा काप डावीकडून येतो. हा काप उजवीकडून आलेला आहे. एक नाही, दोन नाही, सगळे. पानं, पाणी, पक्ष्याची पिसं, झाडून सगळं उजव्या हातानं कापलंय.

कुणाला दिलंस माझं लाकूड? लंडनला उजव्या हातांचा काय सुकाळ आहे म्हणून एक मलाही पाठवलास? कोण आहे तो? काम वाईट नाही, म्हणून तर जास्त चीड आली. हात ताठ आहे, नवखा आहे, पण नजर तुझी आहे. म्हणजे तू शेजारी उभा राहून सांगत होतास, 'इथे दाब, इथे सोड.' तेवढा वेळ होता तुला. स्वतः हत्यार उचलायला मात्र हात बाटत होता, नाही का? मी सरकारी चर्चमध्ये जाऊन बाटलो, माझं लाकूडही बाटलं!

परक्याचं काम हवं असतं तर ते मला याच गल्लीत मिळालं असतं. मला तुझं हवं होतं. एवढंही कळत नाही तुला? तोंडानं म्हणालो नाही, पण पेटीभर लाकडं समुद्रापार पाठवतो माणूस, ती कशासाठी?

मी ती पानं शेगडीत घालणार होतो. जूडी शेगडीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "घालून बघ. मग पुढचा स्वयंपाक कोण करतं तेही बघ." म्हणून अजून आहेत.

पाव-भाऊसुद्धा राहू नकोस म्हणाला होतास. ठीक आहे. आता मीही तेच म्हणतो.

गॅ. टॅलन

डब्लिन, २७ जुलै १७५४

फेलिम,

माझं मागचं पत्र हाती आलं असेल तर जाळ. आलं नसेल तर आलं की न उघडता जाळ. मी गाढव आहे. हे वाक्य पुन्हा कधी लिहून मिळणार नाही, जपून ठेव.

तो उजव्या हाताचा कोण, हे मला काही केल्या पचेना. काल पेंडरचं गलबत अजून धक्क्यालाच दिसलं, म्हणून विचारायला गेलो. पेंडर धक्क्यावरच उभा होता, हातात भाजलेला हेरिंग मासा, तोंड भरलेलं.

"कप्तान, ती पेटी लंडनला तुझ्या हातात कुणी दिली?"

"तुझ्या भावानं. दुसरं कोण देणार?"

"त्यानंच आणून दिली?"

"त्यानंच. गलबतावर मीच चढवली म्हणा, तो कसा उचल..." आणि तिथे तो थांबला. मासा चावायचाही थांबला.

"कसा उचल म्हणजे?"

"जड होती पेटी."

"पाइनचं लाकूड ते. फेलिम तसल्या दोन काखेत मारून जातो."

पेंडर दोरखंडाकडे बघायला लागला. त्या दोरखंडात बघण्यासारखं काही नव्हतं. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"शपथ घातलीय त्यानं मला," तो म्हणाला.

"कसली?"

"ती सांगितली तर शपथ कसली राहिली?"

"बरं. बोलू नकोस. मी विचारतो, तू मान हलव. मान न हलवण्याची शपथ घेतलीस का?"

त्यानं विचार केला. "नाही. तसं काही ठरलं नव्हतं."

"त्याच्या हाताला काही झालंय?"

मान हलली.

"डाव्या?"

पेंडरनं मान हलवली नाही. त्यानं मासा खाली टाकला आणि डोक्यावरची टोपी काढली.

मग सगळं बोलला. दीड वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात लाकडाच्या वखारीत ओंडका घसरून तुझ्या हातावर आला. अंगठा चालतो, बाकीची बोटं आहेत पण मिटत नाहीत. मालकानं काढलं नाही, पण ओट्यावरून उठवून सरस उकळायला आणि खडू कुटायला बसवलं. आणि तू रद्दी लाकडाचे तुकडे गोळा करून उजव्या हातानं शिकायला लागलास, डाव्यानं नुसतं दाबून धरायचं आणि उजव्यानं कापायचं, पोरांना पहिल्या दिवशी देतात तिथपासून. पेंडर म्हणाला, "तुझी पेटी मीच त्याच्या खोलीवर पोचवली. उघडून कितीतरी वेळ लाकडांवर हात फिरवत बसला. मग म्हणाला, 'गॅरेटला वाटतंय मी अजून डावरा आहे.'"

मी तिथेच धक्क्यावर बसलो आणि रडलो. येणारेजाणारे बघत होते. बघू देत. पाटीवर माझं नाव आहे, मी कुणाच्या बापाला भीत नाही.

अरे, त्या हाताला मी नवखा म्हणालो. ताठ म्हणालो. माझं मनगट अडतं ते वळण तुझ्या नजरेत मुरलेलं होतं, म्हणून दीड वर्षाच्या हातानं माझ्या तीस वर्षांच्या हाताशी जुळेल असं पान कोरलं, आणि मी चार पावलांवरून फसलो. मी, गॅरेट टॅलन! डब्लिनमध्ये दुसरा कुणी मला फसवू शकत नाही. आणि तू तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. मी तीन वर्षं तुला गर्विष्ठ म्हणत होतो. आहेसच. पण गर्व करायला इतकं काही असताना तो पेंढ्यात बांधून पाठवायचा नसतो, गाढवा.

पानं आज चौकटीवर बसवली. कोलबाई आल्या, चष्मा घेतला, डावीकडून वर चढत पक्ष्यापर्यंत गेल्या.

"हं," म्हणाल्या. "आता पान झालं. धाकटा आला वाटतं?"

"नाही."

"मग?"

"त्याचा हात आलाय," मी म्हटलं. त्यांनी लेप असा हलका चढवला की जणू पानांना दुखेल. आता खडूखाली ते काप कायमचे गेले, वर सोनंही चढेल. ते उजव्या हाताचे आहेत हे तू, मी, जूडी आणि पेंडर, एवढ्यांनाच माहीत.

घरी ये. पाटीखाली काम करणार नाही म्हणशील, तर ऐक. पाटी मी उतरवणार नाही. तिच्यावर आपलं आडनाव आहे, बापाला ते दारावर बघायला मिळालं नाही. पण पाटीचं तोंड रस्त्याकडे आहे. ओट्यावरून ती दिसत नाही. तू मागल्या दारानं आत ये आणि तिच्याकडे बघूच नकोस. रविवारी जूडीबरोबर मिस्साला, आपल्या प्रार्थनेला, जा. ती गल्लीतल्या चॅपेलात जाते, मी गल्लीच्या तोंडाशी उभा असतो, पहाऱ्याला. पहाऱ्याची गरज आता राहिलेली नाही, तिथे कुणी धरायला येत नाही. तरी मी उभा असतो. आतलं थोडं थोडं ऐकू येतं.

ये.

गॅरेट

डब्लिन, ३० सप्टेंबर १७५४

फेलिम,

अक्षर बघून दचकू नकोस. पत्र माझंच आहे.

आरसा परवा भिंतीवर लागला. चौघांनी उचलला, मी शिव्या घातल्या, वर्खाला ओरखडा नाही. बाईसाहेब आल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि चौकटीकडे न बघता स्वतःकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "टॅलन, मी यात चांगली दिसते." याहून मोठी शाबासकी आरशाच्या चौकटीला मिळत नाही. जेवणघरासाठी आता जोडीचे दोन आरसे मागितलेत. पक्षी मात्र मी बराच वेळ बघितले. दोघं एकमेकांकडे बघतायत, आणि डाव्याची नजर जास्त तिखट आहे. लिहायला जड जातंय, पण आहे.

तुझं पत्र आलं. साडेतीन वर्षांनी एक ओळ! "येऊन करू काय? उजवा तर तिथे आहे." जूडीनं ती ओळ वाचली आणि कागद माझ्या हातात देऊन आत गेली. मला मात्र हसू आलं, कारण याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

उजवा इथे नाही, फेलिम. हे पत्र मी डाव्या हातानं लिहितोय.

धक्क्यावरून घरी आलो त्याच दिवशी उजव्या हातातली पटाशी खाली ठेवली. तू इतकं दुखणं घेऊन दीड वर्षात उजवा झालास, तर मला दोन धड हातांनी डावरा व्हायला काय धाड भरलीय? पहिल्या आठवड्यात अंगठा कापला. दुसऱ्यात ठोकायची मोगरी पायावर पाडली. कोलबाई येऊन बघून जातात. काल म्हणाल्या, "कोबीचा पालक झाला, टॅलन. पानाच्या दिशेनं चाललाय म्हणायचं." म्हणजे वर्षभरात जमलं. जोडीच्या आरशांना बाईसाहेबांनी तेवढी मुदत दिलीय, मी त्यांना कारण विचारू दिलं नाही. उजवीकडची पानं आता तुझी. डावीकडची माझी. वाद घालू नकोस, थोरला मी आहे.

आता एक गोष्ट सांगायची राहिलीय. डाव्या हातानं शिकायचं तर तुझ्याच जागी उभं राहावं म्हणून मी ओट्याच्या तुझ्या टोकाला गेलो. काम सुरू केलं आणि काही दिसेना. मला वाटलं, आभाळ आलं असेल. बाहेर ऊन होतं. खिडकी ओट्याच्या डाव्या टोकाला, माझ्या टोकाला. माझा हत्याराचा हात उजवा, त्याची सावली कामाच्या बाहेर पडायची. तुझा डावा, त्याची सावली थेट पानावर. आणि तुझ्या आणि खिडकीच्या मध्ये दिवसभर मी उभा. चांगला रुंद.

इतकी वर्षं तू माझ्या सावलीत आणि तुझ्या हाताच्या सावलीत पानं कोरलीस, आणि ती माझ्या उजेडातल्या पानांना जुळत होती. अरे, एकदा तरी 'दादा, सरक' म्हणायचं होतंस. मी सरकलो असतो. नसतो सरकलो तर ढकलायचं होतंस.

मी सरकलोय. माझ्यासाठी दुसऱ्या भिंतीला भोक पाडून खिडकी बसवून घेतलीय. घरभर चुना उडाला म्हणून जूडी दोन दिवस बोलली नाही. जुन्या खिडकीशी तुझी हत्यारं मांडून ठेवलीत, मुठी उजव्या हाताला येतील अशी.

पेंडर पुढच्या गुरुवारी लंडनला असेल. त्याला सांगितलंय, तू दिसलास की पेटी आधी उचल आणि मग बोल.

खिडकीजवळ आता कुणी उभं नाही.

गॅरेट